बारा हातांची हाव

ब्रिजच्या टेबलावर सगळ्यात घातक वाक्य कुठलं असेल, तर ते "फोर नो ट्रम्प." हे वाक्य उच्चारणारा माणूस त्या क्षणी कसा दिसतो ते एकदा नीट पाहावं. पाठ ताठ होते, चष्मा वर सरकतो, पानं छातीशी घट्ट धरली जातात आणि चेहऱ्यावर खात्याअंतर्गत चौकशी नेमणाऱ्या साहेबाचा भाव येतो. समोरच्या भिडूला आता आपल्याकडे एक्के किती ते सांगायचं असतं. त्याच्याकडे एकच एक्का असतो, तरी तो तीनदा मोजतो, न जाणो वाढला असला तर. मग म्हणतो, "फाइव्ह डायमंड." म्हणजे एक एक्का. विचारणारा मान डोलावतो, दोन मिनिटं पंख्याकडे पाहतो आणि जाहीर करतो, "सिक्स स्पेड." उत्तर दोन एक्के असं आलं असतं, तरी तो "सिक्स स्पेड"च म्हणाला असता. एकही एक्का नाही असं आलं असतं, तर पंख्याकडे चार मिनिटं पाहिलं असतं आणि मग "सिक्स स्पेड." चौकशी रीतसर झाली, फक्त निकाल आधी लागला होता. माझं म्हणणं एवढंच आहे, की स्लॅमची चौकशी कधी करावी हे पॉइंटांच्या बेरजेवरून ठरत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपला बेत बदलू शकतो असा प्रश्न शिल्लक असेल आणि 'नाही' ऐकून थांबायची तयारी असेल, तेव्हाच ती करावी. म्हणजे ब्रिज खेळणाऱ्या बहुतेकांनी ती करूच नये.

ज्यांच्या मते ब्रिज म्हणजे सुटाबुटातलं मेंढीकोट, त्यांच्यासाठी थोडी माहिती. चार माणसं, समोरासमोर दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पानं आणि एकूण तेरा हात. खेळायच्या आधी बोली लागते: आपण पहिल्या सहाच्या वर किती हात करणार (म्हणजे सहा म्हटलं की बारा) आणि हुकूम कुठला; हुकूमच नको असेल तर 'नो ट्रम्प'. या बोल्या ३५, त्यात पास, डबल आणि रीडबल धरून ३८. भिडूशी जे काही बोलायचं ते या ३८ वाक्यांत बसवायचं. भुवई उंचवायची नाही, खाकरायचं नाही, टेबलाखाली पाय तर मुळीच हलवायचा नाही. बारा हात बोलून केले की स्मॉल स्लॅम, तेराही केले की ग्रँड स्लॅम, आणि त्यावर भरघोस बक्षीस. मेख अशी, की बक्षीस बोललात तरच. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनाढ्याने १९२५ मध्ये लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला जाताना, 'फिनलंड' या जहाजावर, गुणांची ही नवी पद्धत बसवली. तेव्हापासून न बोलता केलेल्या बारा हातांना फारशी किंमत उरली नाही. मराठी माणसावर इतका अन्याय दुसऱ्या कुठल्या अमेरिकनाने केला नसेल. आपलं निम्मं कर्तृत्व 'जमत होतं हो, पण आपण बोललो नाही' याच सदरात मोडतं. व्हँडरबिल्टने या सदराला हातामागे तीस गुण देऊन बोळवण केली.

स्लॅमच्या हव्यासाच्या या रोगाचा अभ्यास करायला तारापूरसारखी जागा नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झालं. त्याच्या आसपास कॉलन्या उभ्या राहिल्या, पलीकडे बोईसरची एमआयडीसी पसरली, आणि मोजमाप हाच ज्यांचा धंदा अशी माणसं देशाच्या कानाकोपऱ्यातून येऊन तीन पाळ्यांत राबू लागली. इथे ब्रिजचं टेबल मांडलं तर चौघांत दोन इंजिनिअर आणि एक केमिस्ट निघण्याची शक्यता दाट. चौथा चिंचणीचा निवृत्त मास्तर, म्हणजे पाढे पाठ असणारा. स्लॅमचे निर्णय कुठे अचूक लागावेत तर इथे. घडतं भलतंच. काटा लाल रेषेच्या जवळ गेला तरी ज्याची झोप उडायची, एक व्हॉल्व्ह फिरवायला जो आयुष्यभर चार सह्या घेत आला, तो कंट्रोल रूमवाला टेबलावर चौदा पॉइंट पाहून थेट सातवर उडी मारतो. उलट बँकेचं कोटीचं कर्ज न डगमगता उचलणारा कारखानदार भिडूकडचे धरून तेहतीस पॉइंट असताना "थ्री नो ट्रम्प"वर थांबतो आणि म्हणतो, "आहे ते पदरात पाडून घेऊ." मास्तर भिडूचे पॉइंटही मोजतात, पण त्यात त्याच्याकडे असायला हवे होते तेही धरतात. कामावर जे करायला मिळत नाही ते माणूस पत्त्यांत करून घेतो. अशा माणसापुढे गणित मांडून काही उपयोग होत नाही. तरी मांडतो, कारण आपल्यालाही दुसरीकडे कुठे कोणी मांडू देत नाही.

गणित सोपं आहे. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक; सगळे मिळून चाळीस. दोघांत ३३ असले तर स्मॉल स्लॅमचा विचार करावा आणि ३७ असले तर ग्रँडचा, असं पहिल्याच धड्यात शिकवतात. त्यामागे कारण आहे. तुमच्याकडे ३३ असले की विरोधकांकडे ७ उरतात आणि दोन एक्क्यांना लागतात ८, म्हणजे दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत. (एकाच रंगाचा एक्का-राजा मात्र बरोब्बर सात पॉइंटांत बसतो. हे दुसऱ्या धड्यात असतं, आणि तिथपर्यंत कोणी जात नाही.) आता जोखमीचं बघू. व्हल्नरेबल असताना, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही चढे असलेल्या डावात, सहा इस्पिक बोलून बारा हात केले तर १४३०. चारवर थांबून तेच बारा केले तर ६८०. फायदा ७५०. सहा बोलून अकराच झाले तर १०० गेले, आणि चारवर मिळाले असते ते ६५०ही गेले. तोटा ७५०. व्हल्नरेबल नसताना फायदा ५०० आणि तोटाही ५००. काटा अगदी मध्यावर. जमण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली की स्मॉल स्लॅम बोलावी, कमी वाटली तर गप्प बसावं. ग्रँडला मात्र तीनात दोनदा जमेल इतकी खात्री लागते, कारण फसली तर हातातली स्मॉल स्लॅमही जाते. म्हणजे बारासाठी थोडं धाडस आणि तेरासाठी भरपूर कंजुषी. माणसं नेमकी उलट वागतात. बाराला "कशाला उगीच" म्हणणारा तेराला "होऊन जाऊ दे" म्हणतो, कारण बारा म्हणजे हिशेब आणि तेरा म्हणजे आख्यायिका.

पण शक्यता निम्म्याहून जास्त आहे हे कळायचं कसं? इथे पॉइंट किती लबाडी करतात ते एका उदाहरणात दिसतं. समजा साहेबांकडे इस्पिकची सहा पानं आहेत, राजा-राणी-गुलाम धरून, बदामचे एक्का-राजा-राणी, चौकटची दोन फालतू पानं, किलवरचा एक्का आणि अठ्ठी. एकोणीस पॉइंट. अशी पानं हाती आली की माणूस चहा नाकारतो. समोर मास्तरांकडे इस्पिकचा एक्का आणि तीन पानं, बदामचा गुलाम, चौकटची राणी, किलवरचे राजा-राणी: बारा पॉइंट. बेरीज एकतीस. साहेब "फोर नो ट्रम्प" विचारतात, मास्तर "फाइव्ह डायमंड" सांगतात, साहेब सहा इस्पिक बोलतात. विरोधक चौकटचा एक्का खेळतो, मग चौकटचा राजा खेळतो, आणि स्लॅम तिथेच संपते. बाकीचे अकरा हात साहेब हुकमतीने करतात, पण ते बघायला कोणी नसतं. आता मास्तरांची पानं बदलू. इस्पिकचा एक्का आणि तीन पानं तीच. बदामची चार, त्यात गुलाम. चौकटचं एकच फालतू पान. किलवरची चार, राजा-गुलाम धरून. पॉइंट नऊ, बेरीज अठ्ठावीस. पण चौकटचा एक हात गेला की दुसऱ्या चौकटला मास्तरांच्या पानांतून हुकूम लागतो आणि बारा हात सहज होतात. एकतीसला बुडते आणि अठ्ठावीसला तरते. गंमत म्हणजे "फोर नो ट्रम्प"चं उत्तर दोन्ही वेळा तेच: एक एक्का. प्रश्नच असा विचारला, की उत्तरात काही कळण्यासारखं नव्हतं.

मग विचारायचं काय? तर एक्के किती हे नव्हे, चौकटचं काय ते. साहेबांनी इस्पिकची बोली उघडली, मास्तरांनी पाठिंबा दिला, की साहेबांनी "फोर क्लब" म्हणायचं. म्हणजे किलवर आमच्याकडे सांभाळलेलं आहे. मास्तरांकडे चौकटचा एक्का किंवा राजा असता तर ते "फोर डायमंड" म्हणाले असते. ते चौकट ओलांडून "फोर स्पेड" म्हणतात, याचा अर्थ तिथे काही नाही. साहेबांकडेही नाही. पास करा, चहा घ्या. खालून वर चढत जाणारी ही चौकशी चारच्या आत आटोपते आणि फसली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या पानांच्या वेळी मास्तर थेट "फोर डायमंड"वर उडी मारून 'चौकटचं एकच पान, हुकूम चार' एवढं सांगू शकतात. मग एक्के मोजण्यात अर्थ आहे, कारण आता तेवढाच प्रश्न उरला. स्थळाची चौकशी अशीच चालते. मुलाला पगार किती हे पहिल्या फोनवरच विचारून लग्न ठरवणारे नंतर त्याच्या मामाबद्दल ऐकतात. जाणती आत्या पगाराचं शेवटी विचारते. आधी घर, मग माणसं, मग व्यसनं, आणि मधे कुठे गप्पा अडखळल्या तर पोह्यांची तारीफ करून उठते. "फोर नो ट्रम्प" हा पगाराचा प्रश्न आहे. वाईट नाही, पण पहिला नाही.

हा प्रश्न ज्यांनी शोधला ते ईझली ब्लॅकवुड इंडियानापोलिसचे, विमा कंपनीत नोकरीला. त्यांनी १९३३ मध्ये तो त्या काळच्या मोठ्या ब्रिज मासिकाला लिहून पाठवला आणि मासिकाने साभार परत केला. पुढे हीच पद्धत जगभर गेली. परत आलेल्या लेखाचं इतकं भाग्य उजळल्याचं उदाहरण दुर्मीळ, आणि लिहिणाऱ्या सर्वांना ते मनात जपून ठेवण्यासारखं आहे. मुद्दा असा, की ही पद्धत विमावाल्याने काढली. दोन एक्के नसताना स्लॅममध्ये जाऊन पडू नये, एवढ्यासाठी. ती अपघाताची पॉलिसी आहे; आपण तिचं लॉटरीचं तिकीट केलं.

यावर टेबलावरून हमखास आक्षेप येतो, आणि तारापुरात तो इतिहासासकट येतो. "अहो, चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा काय एक्के मोजले होते? घातलं ना धाडस!" असं म्हणणाऱ्याने नुकतीच ग्रँड स्लॅम तीन हातांनी बुडवलेली असते, म्हणून त्याचं ऐकून घ्यावं लागतं. पण दाखला त्याच्याच विरुद्ध जातो. मराठ्यांनी आधी १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी घेतली. मग जानेवारी १७३९ मध्ये माहीम, आणि त्याच महिन्यात तारापूर. त्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर तारापूरलाच पडले, तेव्हा हे काम काही फुकटात झालं नाही. त्यानंतर मे महिन्यात वसई. दोन वर्षं एकेक रंग सांभाळत, शत्रूची मदत तोडत, खालून वर चढत केलेली ही बोली आहे. आप्पा थेट "सेव्हन नो ट्रम्प" म्हणाले नव्हते. तारापूरच्या ज्या किल्ल्याच्या भिंतीकडे बोट दाखवून लोक धाडसाचं समर्थन करतात, ती भिंतच चौकशीच्या बाजूने साक्ष देते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: आधी मोठं बोलावं, म्हणजे ते पुरं करायची जिद्द येते. याची परीक्षाही गावातच झालेली आहे. तारापूरचे पहिले दोन संच २१० मेगावॅटचे म्हणून आले आणि पुढे त्यांची क्षमता १६० वर आणून ठेवली गेली. तिथे मात्र कोणी भिडूवर ओरडलं नाही. यंत्राला झेपेल तो आकडा लिहिला आणि पुढे दशकानुदशकं वीज काढली. आपण बोललेला आकडा कमी करून पाटीवर लिहायची ही हिंमत ब्रिजमध्ये कोणाकडे नसते, कारण नियमच तशी सोय ठेवत नाही. एकदा सहा म्हटलं की सहा. म्हणून तर आकडा तोंडातून बाहेर पडायच्या आधी विचार करायचा. क्रमाच्या बाबतीतही केंद्राने वेगळीच चाल केली. ५४० मेगावॅटच्या नव्या संचांपैकी चौथा २००५ मध्ये वीज विकू लागला आणि तिसरा २००६ मध्ये. ब्रिजमध्ये असं उलट्या क्रमाने बोललं तर विरोधक ताबडतोब पंचांना बोलावतात.

तिसरा आक्षेप कागदावरून येतो. हल्ली स्पर्धा संपली की सगळ्या पानांचा छापील तक्ता मिळतो, आणि कोणती बोली जमत होती ते त्यावर कॉम्प्युटरने लिहिलेलं असतं. या कागदाने जेवढी मैत्री तोडली तेवढी पैशानेही तोडली नसेल. "बघा, सहा इस्पिक होत होते! मी म्हणत होतो!" मास्तर तक्ता नाचवतात. कॉम्प्युटरला बावन्न पानं उघडी दिसतात. राणी कोणाकडे पडली आहे ते त्याला ठाऊक असतं, म्हणून दोन फिनेस (विरोधकाचं मोठं पान सोयीच्या हातात असेल या भरवशावरच्या चाली) लागणारी स्लॅमही तो 'होते' म्हणतो. दोन्ही फिनेस साधण्याची शक्यता पावाहून जास्त नाही. अशी स्लॅम न बोलणारे साहेब बरोबर होते, आणि ती त्या दिवशी जमत होती हेही खरं. ही दोन वाक्यं एका डोक्यात एकदम मावत नाहीत. शिवाय आठवणीचा हिशेब वेगळा. नशिबाने तरलेली एक स्लॅम निवृत्तीच्या समारंभापर्यंत सांगितली जाते. बुडालेल्या पंचवीस भिडूच्या खात्यावर टाकल्या जातात. "तुमच्या त्या राणीवर मी विश्वास ठेवला," हे वाक्य ऐकून मास्तरांना वाटावं की आपण कोणाची तरी फसवणूक केली. राणी बिचारी चौकटची होती, आणि कोणी विचारलीच नव्हती.

घरून येणारा आक्षेप सगळ्यात जुना: "पत्तेच कुटायचे तर एवढा विचार कशाला?" यावर २०१८ पासून एक उत्तर मिळालं आहे. जकार्ताच्या एशियाडमध्ये साठ वर्षांच्या प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांच्या शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीत भारताला ब्रिजचं सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हापासून कॉलन्यांमधले सगळे निवृत्त साहेब आपल्या वयाचा उल्लेख 'खेळाडूचं वय' असा करतात. घरच्यांवर परिणाम एवढाच झाला, की आता "पत्ते कुटायला निघालात का?" ऐवजी "एशियाडला निघालात का?" असं विचारतात आणि येताना कोथिंबीर आणायला सांगतात.

एवढं सगळं मान्य करूनही माणूस बिघडतो तो शेवटच्या टप्प्यावर. "फोर नो ट्रम्प" विचारून झालं, उत्तर वाईट आलं, आता पाच इस्पिकवर थांबायचं. थांबतो. आणि तेवढ्यात हुकमाची पानं विरोधकांकडे वेडीवाकडी वाटलेली निघतात आणि अकरा हातही होत नाहीत. पाचवर एक कमी. ब्रिजमध्ये याहून केविलवाणी जागा नाही. चारवर थांबले असते तर गेमचं बक्षीस होतं, सहा बोलले असते तर निदान शौर्य होतं. पाच म्हणजे बोईसरला उतरायचं असताना झोप लागून वाणगावला उतरणं: भाडं जास्त पडलं आणि पोचलो कुठेच नाही. यावर उपाय एकच, विचारायच्या आधी स्वतःला विचारावं: उत्तर वाईट आलं तर पाच तरी सुखाने होतील का? होणार नसतील तर तोंड उघडू नये. आणि विचार करायचाच असेल तर तो बोलताना करावा, पास म्हणताना नव्हे. तीन मिनिटं घाम पुसून, उसासा टाकून म्हटलेला "पास" भिडूला सगळं सांगून टाकतो, आणि ते नियमात बसत नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. तुमच्या ओळखीत कोणी स्लॅमच्या नादी लागलेलं असेल तर त्याला पॉइंट शिकवू नका, ते त्याला येतात. तो "फोर नो ट्रम्प" म्हणायच्या बेतात दिसला, की "काय उत्तर आलं तर थांबाल?" एवढं खेळ सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा. मधे विचारलंत तर पंच तुम्हाला बाहेर काढतील. आणि पाच इस्पिकवर एक हात कमी पडलेल्या दोन भिडूंना त्या रात्री बोईसर स्टेशनच्या एकाच शेअर रिक्षात बसवू नका. मधे तिसरं गिऱ्हाईक बसवायला सांगा, शक्यतो पत्ते न कळणारं.